प्रसाविकेचे शिक्षण आणि बाळंतपणातील शुश्रूषा : कोल्हापूर जिल्ह्यातील कुटुंबांचे व विद्यार्थिनींचे नेहमीचे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहेत. बारावीनंतर परिचर्या आणि प्रसूतिविद्या शिकू इच्छिणाऱ्या मुली व त्यांचे पालक हे पहिले, आणि ज्यांच्या घरात सध्या कुणाला दिवस गेले आहेत अशी कुटुंबे हे दुसरे. मी प्रसूतिविद्या शिकवते, आणि हे दोन विषय मी मुद्दाम वेगळे केलेले नाहीत. प्रसूतिकक्षातील सिस्टर काय शिकून आलेली असते हे घरच्यांना कळले की तिच्याकडून कशाची अपेक्षा ठेवावी हेही कळते, आणि घरात काय घडते हे विद्यार्थिनीला ठाऊक नसेल तर तिचे शिक्षण दवाखान्याच्या दारातच संपते. येथील माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येक गरोदर स्त्रीने आपल्या तपासणीत मिळालेला सल्लाच प्रमाण मानावा.

प्रसाविका म्हणजे नेमके कोण? सुईण आणि प्रसाविका एकच का?

एकच नव्हेत. सुईण ही गावातील अनुभवी बाई असते. तिचे ज्ञान सासूकडून किंवा आईकडून हातोहात आलेले असते आणि पूर्वी घरोघरची बाळंतपणे तीच करत असे. प्रसाविका ही ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करून, परीक्षा देऊन, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली व्यावसायिक असते. गरोदरपणातील तपासणी, सर्वसाधारण प्रसूती, बाळाची पहिली काळजी आणि बाळंतिणीची देखभाल ही तिची कामे आहेत. काही बिघडते आहे असे दिसताच डॉक्टरांना बोलावणे हेही तिचे काम आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत अवघड आहे. थांबायचे कुठे आणि हाक मारायची कधी, हे ओळखायला शिकण्यातच या शिक्षणाची बहुतेक वर्षे जातात.

सुईणींना मी कमी लेखत नाही. बाईला धीर देणे, पाठ चोळणे, रात्रभर उशाशी बसणे या गोष्टी त्यांना आपल्या विद्यार्थिनींपेक्षा कितीतरी चांगल्या येत. परंतु न थांबणारा रक्तस्राव किंवा आकडी यांवर त्यांच्याकडे इलाज नव्हता.

यासाठी कोणते अभ्यासक्रम आहेत आणि प्रवेशाच्या अटी काय आहेत?

मुख्य वाटा तीन आहेत. पहिली ‘एएनएम’, म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविका. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो. उपकेंद्रात काम करणाऱ्या आरोग्यसेविका बहुधा याच वाटेने आलेल्या असतात. दुसरी ‘जीएनएम’, तीन वर्षांची पदविका. तिला बारावीत इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. तिसरी चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी. तिच्यासाठी बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय व किमान ४५ टक्के गुण असावे लागतात, आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत असते. राज्यातील बी.एस्सी. नर्सिंगची महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, कुणा मध्यस्थाच्या सांगण्यावर विसंबू नये.

‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ हा नवा अभ्यासक्रम काय आहे?

भारतात आजवर परिचर्या आणि प्रसूतिविद्या या दोन्ही विद्या एकाच अभ्यासक्रमात शिकवल्या गेल्या. त्यामुळे आज प्रसूतिकक्षात असलेली सिस्टर पुढच्या वर्षी बदली होऊन अस्थिव्यंग विभागात जाऊ शकते आणि तिच्या हाताला आलेले कसब तिथेच विरून जाते. हे टाळण्यासाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्या, नोंदणीकृत आणि प्रसूतीचा अनुभव असलेल्या परिचारिकांसाठी त्यात १८ महिन्यांचा विशेष अभ्यासक्रम आखला आहे. गुंतागुंत नसलेली बाळंतपणे अशा प्रसाविकांच्या देखरेखीखाली व्हावीत आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असावेत, अशी त्यातील मांडणी आहे. पुढे २०२३ मध्ये, १९४७ च्या जुन्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी, राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा झाला. प्रसाविकेचे नाव कायद्याच्या शीर्षकातच आले ही मला मोठी गोष्ट वाटते. या विद्येचा मान कागदावर पोहोचायला पाऊणशे वर्षे लागली.

अभ्यासक्रमात प्रत्यक्ष काय शिकवतात? पाठांतरच जास्त असते का?

पाठांतर असते, परंतु त्यावर प्रसाविका घडत नाही. प्रसूतिविद्या मुख्यतः हाताने, कानाने आणि घड्याळाने शिकायची असते.

हाताचे एक उदाहरण देते. कळ किती जोरकस आहे हे यंत्रावाचून ओळखायला विद्यार्थिनीला पहिल्याच महिन्यांत शिकवले जाते. तळहात पोटाच्या वरच्या भागावर अलगद ठेवायचा, दाबायचे नाही. कळ येते तेव्हा गर्भपिशवी हाताखाली घट्ट होत जाते. ती नाकाच्या शेंड्याइतकी घट्ट लागली तर कळ हलकी, हनुवटीइतकी लागली तर मध्यम, आणि कपाळासारखी टणक लागली तर जोरकस. दहा मिनिटांत अशा किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली हे लिहायचे. वर्गात मुली स्वतःचे नाक, हनुवटी, कपाळ चाचपून पाहतात. पण पहिल्यांदा खऱ्या पोटावर हात ठेवताना त्यांचे हात थंड पडलेले असतात. म्हणून मी त्यांना आधी हात चोळून गरम करायला आणि मग त्या बाईला नावाने हाक मारून, ‘पोटावर हात ठेवते हं,’ असे सांगायला लावते.

कानाचे शिक्षण म्हणजे बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकणे. आता डॉपलर यंत्र सर्वत्र मिळते, तरी कर्ण्याच्या आकाराचा साधा फिटोस्कोप पोटावर टेकवून, दुसऱ्या टोकाला कान लावून, पूर्ण एक मिनिट ठोके मोजता आलेच पाहिजेत, कारण वीज गेलेल्या उपकेंद्रात तोच कामाला येतो. मिनिटाला ११० ते १६० ठोके ही सर्वसाधारण मर्यादा. आईची नाडी एका हाताने धरूनच ठोके मोजायचे, नाहीतर कधीकधी आईचेच ठोके बाळाचे म्हणून लिहिले जातात.

घड्याळाचे शिक्षण म्हणजे पार्टोग्राफ. गर्भपिशवीचे तोंड किती उघडले, बाळाचे डोके किती खाली आले, कळा किती, ठोके किती, आईची नाडी आणि रक्तदाब किती, हे सर्व एकाच तक्त्यावर वेळेनुसार टिंबे देऊन मांडायचे. नीट भरलेला तक्ता पाहिला की बाळंतपण पुढे सरकते आहे की अडले आहे हे समोर दिसते. दुर्दैवाने हा तक्ता पुष्कळदा प्रसूती झाल्यावर एका बैठकीत भरला जातो, आणि तसा भरला की त्याचा उपयोग शून्य. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत सांगितले आहे की कळांचा सक्रिय टप्पा तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर धरावा, आणि दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे हा जुना दंडक सर्व स्त्रियांना लावू नये. विद्यार्थिनीने हे समजून घेतले तर उगाच घाई करून कळांचे इंजेक्शन देण्याचा मोह आवरतो.

आणखी एक सराव सांगते. लाल रंगाचे पाणी मापून सुती कापडावर आणि पॅडवर ओतायचे आणि ते किती असेल हे मुलींना नुसते पाहून सांगायला लावायचे. बहुतेक जणी खऱ्या मापापेक्षा कमी सांगतात. नजरेला रक्त नेहमी कमी दिसते. भिजलेले पॅड वजन करून पाहिले की एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर, हा हिशेब त्यांच्या मनात कायमचा बसतो. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले तर तो अतिरिक्त रक्तस्राव समजतात. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला त्याहून कमी रक्तस्रावही पेलत नाही.

महाविद्यालय निवडताना काय पाहावे?

इमारत नंतर पाहावी. महाविद्यालयाला परिषदेची आणि विद्यापीठाची किंवा परीक्षा मंडळाची मान्यता आहे का, ते ज्या रुग्णालयाशी जोडले आहे तिथे महिन्याला किती प्रसूती होतात, आणि तिथे एकाच वेळी किती महाविद्यालयांच्या विद्यार्थिनी येतात, हे तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत. प्रसूती थोड्या आणि विद्यार्थिनी फार असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला दुरून पाहणेच येते, आणि मग नोंदवहीतील आकडे कसेबसे पूर्ण केले जातात. सध्या शिकत असलेल्या दोन-तीन मुलींशी वसतिगृहात जाऊन बोलावे. रात्रपाळीला त्यांच्याबरोबर शिक्षिका असते का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळेल.

मुलांना हा अभ्यासक्रम करता येतो का?

जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग करता येते, आणि त्यात प्रसूतिविद्येचाही अभ्यास असतो. एएनएम मात्र मुलींसाठीच आहे.

कोल्हापुरात स्त्रियांच्या वैद्यकीय शुश्रूषेची परंपरा कुठवर मागे जाते?

आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणजे संस्थानकाळातील आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. डॉ. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने याच रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. आनंदीबाईंचे स्वतःचे पहिले मूल, त्या जेमतेम चौदा वर्षांच्या असताना, जन्मानंतर दहा दिवसांतच दगावले होते, आणि डॉक्टर होण्याची जिद्द त्यातूनच आली. क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या आणि कोल्हापूरचा तो विभाग त्यांची वाट पाहतच राहिला. पुढे शाहू छत्रपतींच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात स्त्रियांची सेवा केली. भाऊसिंगजी रस्त्यावरून सीपीआरच्या आवारात प्रशिक्षणासाठी पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीला मी हे सांगते.

गरोदरपणात किती वेळा तपासणी करावी?

किमान चार वेळा, आणि पहिली तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच. त्यानंतरच्या तपासण्या साधारण चौदा ते सव्वीस आठवडे, अठ्ठावीस ते चौतीस आठवडे आणि छत्तीस आठवड्यांनंतर व्हाव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य केंद्रांत ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान’ असते; त्या दिवशी डॉक्टरांकडून तपासणी मोफत होते. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, लघवी आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासले गेले का आणि ते माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिले गेले का, हे आपण स्वतः पाहावे. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल, तर पुढे काय करायचे हे विचारल्याशिवाय उठू नये. हिमोग्लोबिन सातच्या खाली असणे ही गंभीर अवस्था आहे आणि तिथे नुसत्या गोळ्या पुरत नाहीत.

लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर तिचा बराचसा गुण वाया जातो. आपल्याकडे दिवसाची सुरुवातच चहाने होते, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. गोळी जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौच काळी होते म्हणून अनेक जणी गोळ्या सोडतात. तसे होणे साहजिक आहे आणि त्यात धोका नाही.

सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे सांगतील का?

नाही. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदान गुन्हा आहे, विचारणाऱ्यासाठी आणि सांगणाऱ्यासाठीही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. शाहूंच्या जिल्ह्याला हे आकडे शोभत नाहीत.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आमच्याकडे रीत आहे. त्यात काही अडचण आहे का?

रीत चांगली आहे. आईच्या हाताखाली मुलीला विश्रांती मिळते, आणि न लाजता बोलता येते. अडचण होते ती कागदपत्रांची आणि वेळेची. सातव्या महिन्याचे डोहाळजेवण झाले की मुलगी माहेरी जाते आणि तिथल्या आशाताईंना, आरोग्यसेविकेला तिची काहीच माहिती नसते. त्यासाठी माहेरी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या उपकेंद्रात नाव नोंदवावे आणि सर्व जुने अहवाल एका पिशवीत घालून बरोबर न्यावेत. आपल्या जिल्ह्यातील अनेक मुलींचे माहेर निपाणी, चिकोडी किंवा बेळगावकडे असते. तिकडे, म्हणजे कर्नाटकात, गरोदर स्त्रीला ‘थायी कार्ड’, म्हणजे तिथले मातेचे नोंदकार्ड, मिळते. राज्य बदलले की योजनांचे नियमही बदलतात, म्हणून दोन्हीकडची कार्डे जपून ठेवावीत. तसेच अधिक रक्तदाब, जुळी बाळे, पायाळू बाळ किंवा आधीचे सिझेरियन असे काही असेल तर माहेर कुठे आहे यापेक्षा शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय कुठे आहे हे आधी पाहावे. चंदगडच्या पश्चिम भागातील बाईला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते, हे नववा लागण्याआधीच ठरवून ठेवण्यासारखे आहे.

दवाखान्यात जायला कधी निघावे?

कळा नियमित होऊ लागल्या, पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या आणि चालल्यावर, पडल्यावरही थांबेनात, की निघावे. पाणी गेले, अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल कमी वाटली, डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहऱ्यावर सूज आली किंवा ताप आला, तर कळांची वाट न पाहता ताबडतोब निघावे. आकडी आली तर क्षणभरही घरी थांबू नये. रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि १०८ हे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावेत.

पावसाळ्यासाठी वेगळे उत्तर आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड भागांत जुलै-ऑगस्टमध्ये ओढे फुगतात, वाट बंद होते. शिरोळ, हातकणंगले आणि करवीरच्या नदीकाठी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात गावेच्या गावे वेढली गेली होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ज्या घरात नववा महिना चालू आहे त्यांनी पाणी इशारा पातळीकडे सरकू लागले की बाईला सुरक्षित ठिकाणच्या नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाजवळ हलवावे. बोटीत कळा सोसण्याची वेळ कुणावरही येऊ नये, आणि ती वेळ टाळता येण्यासारखी असते.

कळा चालू असताना बाईजवळ कुणी राहू शकते का? तिला खाऊपिऊ द्यावे का?

राहू शकते, आणि राहावेच. विश्वासाची व्यक्ती जवळ असेल तर बाळंतपण सोपे जाते हे जगभर दिसून आलेले आहे. केंद्र शासनानेही २०१६ पासून सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतिसोबतीला मान्यता दिली आहे. सोबतीण आई असो, जाऊ असो की बहीण, तिने स्वतः घाबरून न जाता घोटघोट पाणी द्यावे, पाठ चोळावी आणि बाईच्या अंगावर ओरडू नये. गुंतागुंत नसलेल्या बाईला कळांच्या काळात पाणी, सरबत, पेज घेता येते; सिझेरियनची शक्यता असेल तर डॉक्टर सांगतील तसे करावे. सतत उताणे पडून राहण्याची गरज नाही. चालणे, कुशीवर वळणे, बसणे, काही धरून उभे राहणे यांनी बरे वाटते. पोटावर वरून जोराने दाबून बाळ बाहेर ढकलण्याचा प्रकार धोक्याचा आहे; तसे कुणी करू लागले तर नम्रपणे पण ठामपणे नको म्हणावे.

इथे एक आठवण लिहिते. मी विद्यार्थिनी असताना एका प्रसूतिकक्षात एका बाईवर, ती ओरडते म्हणून, सगळे मिळून रागावत होते. तिची मांडी थरथरत होती आणि ती माझ्या ओढणीचे टोक घट्ट धरून होती. मी काही बोलले नाही, कारण मी सर्वांत लहान होते. तिची सुटका झाल्यावर तिने ती ओढणी सोडली तेव्हा तिच्या मुठीचा घाम त्यावर उमटलेला होता. आज मी शिकवताना बाळंतिणीशी बोलण्याची पद्धत परीक्षेच्या गुणांत धरते, ती त्या दिवसामुळे.

टाके प्रत्येकीलाच पडतात का? सिझेरियन इतकी का होतात?

टाके प्रत्येकीला पडत नाहीत. पूर्वी पहिलटकरणीला बाळाची वाट रुंद करण्यासाठी योनीच्या तोंडाशी छेद घेणे, आणि मग तो टाके घालून शिवणे, हा जवळजवळ नियमच होता. आता सरसकट छेद घेऊ नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाळाचे डोके बाहेर येताना ते हळूहळू येऊ देणे आणि त्या वेळी जोर न लावता धापा टाकायला सांगणे, यांमुळे अनेकींना छेद लागतच नाही. चांगली प्रसाविका ओळखायची ती या दोन मिनिटांत.

सिझेरियनबाबत आकडेच बोलतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के. लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बाळांचे मृत्यू आणखी कमी होतात असे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केले. मात्र हा आकडा घेऊन एखाद्या बाईच्या शस्त्रक्रियेला विरोध करणे चूक ठरेल. वार गर्भपिशवीच्या तोंडावर असेल, बाळ आडवे असेल, ठोके घसरत असतील, तर सिझेरियननेच दोन जीव वाचतात. मुहूर्त गाठण्यासाठी किंवा कळांच्या भीतीने शस्त्रक्रिया करून घेणे मात्र मला पटत नाही. कारण काय, थोडे थांबता येईल का, थांबलो तर धोका काय, असे शांतपणे विचारण्याचा प्रत्येक कुटुंबाला हक्क आहे.

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात काय व्हायला हवे?

आईला गर्भपिशवी आकसण्याचे इंजेक्शन एका मिनिटाच्या आत मिळायला हवे. रक्तस्राव रोखण्याचा तो सर्वांत खात्रीचा उपाय आहे. बाळ नीट रडले असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी, म्हणजे वारेतील रक्त बाळाला मिळते. बाळाला पुसून थेट आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, वरून कोरडे कापड घालावे, आणि तासाभराच्या आत अंगावर पाजायला लावावे. पहिले पिवळसर दाट दूध, म्हणजे चीक, पिळून टाकू नये. मध, गुळाचे पाणी, घुटी यांपैकी काहीही देऊ नये. मधातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळाची अंघोळ किमान एक दिवस लांबवावी. सासूबाईंना हे पटवणे सर्वांत कठीण जाते, म्हणून हे बाळंतपणाआधीच त्यांच्याशी बोलून घ्यावे.

घरच्या रीतींपैकी काय ठेवावे आणि काय सोडावे?

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, लसणाची चटणी, बाजरीची भाकरी, तूप हे खुशाल ठेवावे. सव्वा महिन्याची विश्रांती ठेवावी. तेलाने हलके अंग चोळणे ठेवावे.

बाजेखाली शेगडी ठेवून, दारे-खिडक्या लावून शेक देणे सोडावे. कोळशाच्या धुराला वास फारसा नसतो, पण त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि बंद खोलीत झोपलेली बाळंतीण आणि तान्हे मूल त्याने गुदमरू शकतात. ऊब हवी असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे आणि एक खिडकी उघडी ठेवावी. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, हीही चाल सोडावी, कारण पाजणाऱ्या बाईला पाणी जास्तच लागते. नाळेवर हळद, राख, तेल काही लावू नये, ती कोरडी ठेवावी. पाचवीची पूजा करावी, पण त्या रात्री बाळाच्या अंगावरून धूर फिरवू नये.

घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देतात. त्या आल्या की चहा देऊन बाहेरच्या खोलीतून पाठवू नये. त्यांना बाळाचे वजन करू द्यावे आणि बाळंतिणीशी एकटीशी बोलू द्यावे. एका तासात पॅड पूर्ण भिजू लागले, ताप आला, अंगावर जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी आली किंवा पोटरी दुखून सुजली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाळंतपणानंतर मुलगी सारखी रडते. नजर लागली का?

पहिल्या आठवड्यात डोळे भरून येणे पुष्कळ जणींना होते आणि ते आपोआप ओसरते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप उडाली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. दृष्ट काढायला कुणाची ना नाही, पण डॉक्टरांनाही दाखवावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते.

शासकीय रुग्णालयात खर्च किती येतो? कोणत्या योजना आहेत?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ये-जा हे सर्व मोफत आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालील स्त्रियांना जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी ५,००० आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी आधारशी जोडलेले बँक खाते तिच्या स्वतःच्या नावावर असावे.

ऊसतोडणीला आलेल्या गरोदर बाईने काय करावे?

गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात आणि कारखान्यांच्या आसपास, शेतांच्या कडेला पाल टाकून राहतात. त्यांतल्या गरोदर बायका पहाटे थंडीत फडात उतरतात आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढतात. त्या इथल्या मतदार नसतात, इथे त्यांचे माहेर नसते, सासर नसते. तरीही तपासणीचा आणि प्रसूतीचा त्यांचा हक्क इथे तितकाच आहे, कोणत्याही उपकेंद्रात त्यांनी आपले कार्ड दाखवले की पुढची तपासणी तिथूनच व्हायला हवी. कार्ड गावी राहिले असेल तर नवीन करून घ्यावे. मुकादमाने किंवा शेतमालकाने टोळीत कुणी गरोदर आहे का हे विचारून जवळच्या आशाताईंना कळवावे आणि शेवटच्या महिन्यांत त्या बाईला मोळ्या उचलायला लावू नये. आमच्या विद्यार्थिनी समूह आरोग्याच्या प्रशिक्षणात पालांवर जातात तेव्हा त्यांना मी संध्याकाळी सहानंतर पाठवते, कारण त्याआधी तिथे फक्त लहान मुले असतात. चुलीपुढे बसलेल्या बाईचा रक्तदाब घेताना तिच्या हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे दिसतात. पट्टा त्यांच्या जरा वर बांधावा, म्हणजे तिला झोंबत नाही.